फक्त पंखा

गाडी बंद असताना एसीला गेज लावला की काटा ९५ पीएसआयच्या आसपास जाऊन थांबतो, आणि गाडीवाला खूश होऊन म्हणतो, "बघा, गॅस आसा." मी नाही म्हणत नाही. गॅस असतोच. पण किती आहे ते काटा सांगत नाही. आत द्रव गॅसचा घोटभर साठा असो नाहीतर चमचाभर, शेवटचा थेंब उरेपर्यंत दाब ठरतो तो हवेच्या तापमानावर. तीस डिग्रीला पंच्याण्णव, ऊन चढलं की त्याहून जास्त. म्हणजे बंद गाडीचा गेज हा निम्मा थर्मामीटरच. ही गोष्ट मला आयटीआयच्या दोन वर्षांत कोणी सांगितली असेलही, पण डोक्यात शिरली ती कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये, उस्तादाच्या शिव्या खाऊन. तिथून गावी आलो आणि ओरोसला हायवेच्या आतल्या बाजूला दुकान टाकलं.

ओरोस म्हणजे कागदावरची सिंधुदुर्गनगरी. १ मे १९८१ला रत्नागिरीतून जिल्हा वेगळा झाला आणि पुढे माळरानावर सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. बाजारपेठ म्हणाल तर कुडाळची, कणकवलीची. आमच्याकडे चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सवाले आणि कचेऱ्या. पण आजारी माणूस आणि पासिंगची गाडी, दोघांनाही ओरोसला यावंच लागतं. एकाला जिल्हा रुग्णालयात, दुसरीला आरटीओत. माझं निम्मं गिऱ्हाईक दुसऱ्या रांगेतलं. पासिंगला नंबर लागेपर्यंत वेळ असतो, मग 'जरा एसी बघा' म्हणून गाडी माझ्या दारात लागते.

२०२५ च्या मार्चात तशीच एक आली. आठ माणसांची, पंधरा वर्षांकडे झुकलेली. मालक मालवणकडचा, तारकर्ली-देवबागच्या पर्यटकांची भाडी मारणारा. पुढे एसी, मागे एसी, म्हणजे डबल एसी. त्यानं दोन महिन्यांत दोनदा गॅस भरून घेतला होता, दोन वेगळ्या ठिकाणी. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस गार, मग पंखा. तिसऱ्यांदा पैसे घालायची त्याची तयारी नव्हती आणि त्यात त्याचं चुकत नव्हतं.

"मेस्त्री, मागचो एसी मारून टाका," तो म्हणाला. "पुढचो रवलो तरी बस झाला."

मारून टाका म्हणणं सोपं. आधी गळतंय कुठे ते बघायला हवं, कारण गळती पुढच्या भागात असली तर मागचा मारूनही उपयोग नाही. गाडी रॅम्पवर चढवली आणि बॅटरी घेऊन खाली शिरलो. डबल एसीच्या गाडीत इंजिनकडून दोन नळ्या पोटाखालून थेट मागे जातात. करंगळीएवढी बारीक असते ती द्रव गॅसची, अंगठ्याएवढी जाड ती परतीची, सक्शनची. दोन्ही अॅल्युमिनियमच्या. ठिकठिकाणी त्यांना लोखंडी पट्टीचे क्लॅम्प आणि क्लॅम्पखाली रबराचा तुकडा, नळी घासू नये म्हणून. कोकणात नळीचा घात करतो तो हाच रबराचा तुकडा. किनाऱ्यावरच्या गाडीला खारं वारं चोवीस तास, त्यात वाळूतून फिरणं. रबराखाली खारं पाणी शिरतं आणि तिथेच बसतं, वाळत नाही. एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम आणि मधे मिठाचं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्या बॅटरीत खर्ची पडतं ते अॅल्युमिनियम.

डाव्या मागच्या चाकाच्या अलीकडे जाड नळीवर काळा ओशट डाग होता. सगळीकडे धूळ कोरडी, इथे चिकट. गॅस दिसत नाही, वास येत नाही, पण बाहेर पडताना कंप्रेसरचं तेल सोबत आणतो आणि त्या तेलावर रस्त्याची धूळ बसते. क्लॅम्प सोडवला. रबर निघालं तसा खाली पांढरा भुगा पडला, पापडखारासारखा. साबणाचं पाणी लावलं. आधी काहीच नाही. मग मोहरीएवढा एक फुगा आला, जागेवरच वाढला, फुटला, पुन्हा आला. मालकाला खाली वाकून बघायला लावलं. तो बराच वेळ बघत राहिला. त्याचे दोन वेळचे पैसे त्या मोहरीतून गेले होते.

नळ्या बदलायच्या तर डिझेलची टाकी खाली उतरवायची, मागच्या उजव्या पत्र्याआडची कूलिंग कॉइलही त्याच वयाची, तीही आज ना उद्या जाणार. सगळं धरून पंचवीस-तीस हजारांचं काम. गाडी विकायला काढली तर दीड-दोन लाख. मी सगळा हिशोब तोंडी सांगितला. त्यानं ऐकून घेतला आणि पुन्हा तेच म्हणाला.

मागचा एसी बंद करणं म्हणजे नळ्यांना डमी मारणं. हे काम मी पहिल्यांदा पाहिलं १९९८ च्या सुमारास. उस्तादानं पाच पैशाचं अॅल्युमिनियमचं चौकोनी नाणं कानशीनं घासून गोल केलं, जॉइंटच्या नटात बसवलं आणि पान्यानं आवळलं. मऊ नाणं दाबलं गेलं आणि नळी बंद. "सरकारनं छापलेली डमी आहे," तो म्हणाला होता. ती गाडी वर्षभर चालली असं त्यानंच सांगितलं, म्हणजे सहा महिने तरी चालली असेल. नाण्याच्या, छऱ्याच्या, नळी ठोकून चपटी करून दुमडण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही. इंजिन चालू असताना चढ्या दाबाच्या बाजूला दोनशे-सव्वादोनशे पीएसआय असतो, उन्हाळ्यात गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की आणखी वर. तिथे दुमडलेली नळी टिकत नाही. आर्गन वेल्डिंगनं तोंड बंद करायचं, नाहीतर मागची लाइन जिथून फुटते त्या टीच्या जॉइंटला चुडीची पक्की डमी आणि नवी ओ-रिंग.

लोक दोन चुका करतात. एक म्हणजे फक्त बारीक नळी बंद करतात. मागे द्रव जाणार नाही म्हणजे झालं, असा हिशोब. पण जाड नळी उघडीच असते आणि गाडी बंद केली की सगळीकडे दाब सारखा होतो, पुन्हा तेच पंच्याण्णव. मग गळती रात्रभर चालू. दुसरी चूक म्हणजे भोकाच्या जवळ, मागे नेऊन डमी मारायची. मग इंजिनपासून तिथवर दीड-दोन मीटरची मुकी नळी उरते, एका तोंडानं उघडी, दुसऱ्यानं बंद. गॅसबरोबर फिरणारं तेल तिच्यात जाऊन बसतं ते परत येत नाही. कंप्रेसर कोरडा पडत जातो, आवाज करायला लागतो आणि एक दिवस अडकतो. मागचा वाचवायला गेलेला माणूस पुढचाही घालवून बसतो. डमी टीच्या जितकी जवळ तितकी चांगली, चार बोटांच्या आत.

टॉर्च किंवा आर्गन लावण्याआधी उरलेला गॅस काढावा लागतो, कारण ज्वाळेत तो गॅस जळून विषारी आम्ल वाफ तयार होते, घसा धरणारी. इथे मला एक कबुली द्यायची आहे. कित्येक वर्षं मी तो गॅस हवेत सोडत होतो. व्हॉल्व्ह दाबायचा, फुस्स, झालं. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही हे आम्हाला पाठ होतं. त्याच्या आधीचा आर-१२ त्यासाठीच तर गेला. मग हा सोडला तर काय बिघडलं? पुढे एका प्रशिक्षणात कळलं, की या गॅसचा एक किलो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० किलोंच्या तोडीचा. या गाडीच्या बॉनेटखालच्या लेबलवर ९०० ग्रॅम लिहिलं होतं. म्हणजे एका भरण्याला जवळजवळ तेराशे किलो. आणि या माणसानं दोन महिन्यांत दोन भरणी त्या मोहरीएवढ्या फुग्यांतून आकाशात सोडली होती, पैसे मोजून. आता माझ्याकडे गॅस ओढून घ्यायचं मशीन आहे. ते आलं तेव्हा पर्यावरणापेक्षा गॅसचा भाव माझ्या डोळ्यांसमोर होता, हेही खरंच.

बाकी काम नेहमीसारखं. दोन डम्या, नवा ड्रायर, नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघणं, मग व्हॅक्यूम. व्हॅक्यूमला मी पाऊण तासाच्या खाली येत नाही. आमच्याकडच्या हवेत पाणी इतकं, की लाइन उघडली त्या दहा मिनिटांत ओल आत गेलेली असते. पूर्ण व्हॅक्यूममध्ये ते पाणी तीस डिग्रीलाच उकळतं आणि वाफ होऊन पंपाकडे येतं. घाई केली तर ते आतच राहतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं आणि गिऱ्हाईक परत येऊन सांगतं, "मधीच गार, मधीच गरम." शेवटी गॅस, तोही काट्यावर तोलून. मागची नळी आणि मागची कॉइल गेली, म्हणजे ९०० ग्रॅमला जागाच उरली नाही. त्याच गाडीचं एकाच एसीचं मॉडेल निघायचं, त्याच्या लेबलचा फोटो माझ्याकडे होता. ५५० ग्रॅम. भरलं. पुढच्या जाळीत थर्मामीटर खोचला, आठ डिग्री. मालकानं हात धरून बघितला आणि पहिल्यांदा हसला.

इथपर्यंतचं काम मी कोणालाही उघडून दाखवीन.

पैसे देताना तो म्हणाला, "मागचो स्विच तसोच ठेवलास मा?"

मागच्या छताला जाळ्या आणि मधोमध पंख्याचा गोल स्विच, एक-दोन-तीन. पंख्याची वायर मी तोडली नव्हती. कारणही होतं. पुढची गार हवा पंख्यानं मागे खेचली जाते, गाडीत हवा फिरत राहते, शून्यापेक्षा काहीतरी बरं. मी तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ता बरा केलास. लोकांका वाटता चालू आसा." आणि डोळा मारला. मीही हसलो असेन. पासिंगवाल्यांची रांग होती, दुसरी गाडी दारात होती. मला त्या वाक्यात वावगं काही दिसलं नाही.

मे महिन्यात बाबांना घेऊन बांबोळीला जायची वेळ आली. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे बांबोळी, गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात विचारा, कोणी ना कोणी तिथल्या कॉरिडॉरमध्ये चटई टाकून रात्र काढलेली असते. बाबांची हृदयाची तपासणी होती, वय अठ्ठ्याहत्तर. माझ्याकडे दुचाकी आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या, स्वतःची गाडी नाही. (हलवायाला गोडाचं कौतुक नसतं म्हणतात.) भाच्यानं फोनाफोनी करून गाडी ठरवली. पहाटे पाचला दारात उभी राहिली तेव्हा अंधारात ओळखली नाही. ड्रायव्हर बदलीवरचा, पोरसवदा.

जाताना काही जाणवलं नाही. पहाटेचं वारं होतं, काचा उघड्या होत्या, बांद्याच्या पुढे उजाडलं.

परत निघालो दुपारी दोनला. बाबा मधल्या सीटवर, आईच्या खांद्याला टेकून. मी आणि भाचा मागच्या आडव्या सीटवर, पिशव्या, थर्मास आणि रिपोर्टांच्या मोठ्या पाकिटांसकट. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चाललं होतं, गाड्या मुंगीच्या पावलानं. काचा बंद, पुढे एसी. ड्रायव्हरच्या बाजूला बसलेल्या मेव्हण्यानं अंगावर टॉवेल घेतला, थंडी वाजते म्हणून. मागे माझ्या पाठीवरून घामाची धार सुटलेली. मी वर हात करून स्विच तीनवर नेला. जाळीतून हवा आली, जोरात आली. चुलीसमोर सुपानं वारा घालावा तशी.

बाबांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. आई ड्रायव्हरला म्हणाली, "बाबा रे, मागे गार येणा नाय."

"चालू आसा आजी," तो पोरगा म्हणाला. "मागे गार होवक जरा येळ लागता."

तेव्हा मी मान वाकवून उजव्या पत्र्याकडे बघितलं. तिथला एक स्क्रू मीच बदलला होता, जुना झिजलेला म्हणून, डोकं वेगळं. वर छताला तोच स्विच, तीच जाळी. आपली गाडी.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला मालकानं जे सांगितलं ते तो सांगत होता, कदाचित त्याला खरंच वाटत असेल. मालकालाही किती देऊ? त्याला हे वाक्य सुचलं तेव्हा मी समोर उभा होतो, हातात त्याच्याच पैशाच्या नोटा धरून.

बाबा थोड्या वेळानं मान मागे वळवून म्हणाले, "तू एसीचो मेस्त्री मा रे? बघ मरे काय झाला ता."

मी उठलो, वाकून जाळीला हात लावला, स्विच एकवर आणला, दोनवर नेला, पुन्हा तीनवर. बघितल्यासारखं केलं. "लाइनीत लिकेज दिसता," म्हणालो. तीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाचं निदान. मग मेव्हण्याला सांगून पुढच्या दोन जाळ्या मागच्या दिशेला वळवून घेतल्या आणि बाबांना मधल्या सीटवर दोन सीटांच्या फटीसमोर सरकवलं. एवढ्यानंही फरक पडला. म्हापशाच्या पुढे गाडी पळायला लागली तसे त्यांचे डोळे मिटले.

मागच्या एसीबद्दल मी तेव्हापासून जरा जास्त विचार करतो. गाडीत पहिला कारखानी एसी बसवला अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं, १९४० च्या मॉडेलला. त्याची कूलिंग कॉइल होती मागच्या सीटच्याही मागे, डिकीत. हवा गार व्हायची ती मागून. कंप्रेसरला क्लच नव्हता, म्हणजे पूर्ण बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टाच उतरवावा लागे. अवजड, महाग, दोनच वर्षांत बंद पडलेला प्रकार. पण तो बंद आहे की चालू, याबद्दल गाडीत बसलेल्या कोणाचा गैरसमज होणं शक्य नव्हतं. आमच्या भाड्याच्या गाड्यांचं उलट आहे. निर्णय घेणारा पुढे बसतो. त्याच्या तोंडावर आठ डिग्रीची हवा असते आणि मागचं त्याला आरशात दिसतं तेवढंच. मागे कोण बसतं? बाळंतीण, म्हातारी माणसं, मुंबईहून गणपतीला आलेली पोरं, उलटी होते म्हणून प्लॅस्टिकची पिशवी धरून बसलेली एखादी मावशी. त्यांच्यातलं कोणी माझ्या दुकानात गाडी घेऊन कधी आलेलं नाही.

म्हणून डमी मारणं मी बंद केलं का? नाही. जुन्या गाडीला तेच शहाणपणाचं असतं. त्या वर्षी तर पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन धडकला. पावसाळ्यात एसी गारव्यासाठी लागत नाही, काचेवरची वाफ काढायला लागतो. ओल्या माणसांनी भरलेली गाडी आंबोलीच्या किंवा फोंड्याच्या घाटात धुक्यात चढत असताना समोरची काच आंधळी झाली, तर मागच्याचं आणि पुढच्याचं सारखंच. गळक्या मागच्या लाइनीपायी पुढचाही एसी मरू देणं हा त्याहून मोठा गाढवपणा. तेव्हा डमी मारावीच. पण आता मी गाडीवाल्याला आधी मागे बसवतो. काचा बंद, मी गाडी चालवतो, ओरोस फाट्यापासून कसालपर्यंत आणि परत, दुपारची वेळ असेल तर उत्तम. दहातले तीन-चार जण उतरल्यावर म्हणतात, नळ्याच बदला. बाकीचे घाम पुसत डमीच सांगतात, त्यांचीही अडचण मला कळते.

आणि पंख्याची वायर मी ठेवतो, पण स्विचवर पट्टी चिकटवतो. रेडियमवाल्याकडून शंभर पट्ट्या कापून आणल्या आहेत, पांढऱ्यावर लाल अक्षरं: फक्त पंखा. एका गाडीवाल्यानं भांडण केलं. म्हणाला, गाडीची किंमत कमी होते. मी म्हटलं, पट्टीनं नाही होत.

बांबोळीवाली गाडी पावसाआधीच बोलावून घेतली, पट्टा बघतो म्हणून. पट्टा फुकट बदलून दिला आणि त्यासोबत स्विचवर पट्टी लावली. मालक काही बोलला नाही, फक्त वर बघून मान हलवली. आमच्या बाबांचं मी त्याला सांगितलं नाही.

गणपती झाल्यावर तो पुन्हा आला, कंडेन्सरचा पंखा अडकला होता म्हणून. काम चालू असताना मागे डोकावलो. स्विचवरची पट्टी जागेवर होती, पण कोणीतरी नखानं खरवडून पहिला शब्द काढून टाकला होता. मागे बसलेल्या एखाद्या पोरानं चाळा म्हणून, की पुढच्यानं, ते अक्षरांवरून सांगता येण्यासारखं नव्हतं. दुसरा शब्द शाबूत होता. मी ड्रॉवरमधून नवी पट्टी काढली.